कुंपणाला करवंद की दारात मोरपंखी?

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत घराच्या आवाराला बारमाही हिरवी कड हवी असली, की निवड बहुधा दोन झाडांपाशी येऊन ठेपते. एक करवंद : फळ देणारे, काटेरी, दोन-तीन मीटर उंचीचे झुडूप. दुसरी मोरपंखी : सूचिपर्णी गटातली, ज्योतीसारखी निमुळती वाढणारी, शोभेची. करवंद इथल्या रानातच वाढते. मोरपंखी मूळची चीन आणि कोरियाकडची, रोपवाटिकांच्या वाटेने इथवर आलेली.

या निवडीत एक गफलत नेहमी होते. फळझुडूप म्हटले की ते वर्षातले काही महिने बोडके राहणार, आणि बारमाही हिरवेपणा हवा तर सूचिपर्णीच लावले पाहिजे, असे धरून चालले जाते. ही समजूत थंड प्रदेशांतल्या बागकामाच्या पुस्तकांतून आली. युरोपात करंट, गूजबेरी ही फळझुडपे हिवाळ्यात पाने गाळतात आणि बर्फात हिरवे उरतात ते पाइन, यू, सायप्रस. करवंद मात्र स्वतःच सदाहरित आहे. त्यामुळे हिरवेपणा दोघांकडेही आहे असे मानूनच तुलना सुरू करावी लागते, आणि ती पाणी, ऊन, माती, फळ व जंगलाची जवळीक या बाबींवर पुढे न्यावी लागते.

पुढील संवादात मोरपंखीची बाजू मांडणारे भाऊ चंद्रपूर शहराजवळ रोपवाटिका चालवतात. करवंदाची बाजू मांडणाऱ्या मॅडम महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतात.

भाऊ : मॅडम, घर बांधून झालं की माणूस माझ्याकडे येतो, तेव्हा त्याला फाटकाच्या दोन्ही बाजूंना नीटस दिसेल असं काहीतरी हवं असतं. मोरपंखीला आकार द्यावा लागत नाही, ती आपली आपण तशी वाढते. काटा नाही, चीक नाही, लहान पोरगं धडपडून अंगावर पडलं तरी ओरखडा नाही. करवंद दारात कोण लावणार?

मॅडम : दारात लावाच असं मी म्हणत नाही, भाऊ. करवंदाची जागा कुंपणाला. पण तुमची गिऱ्हाइकं मोरपंखीही कुंपणाला ओळीनं लावतात आणि तिसऱ्या उन्हाळ्यात त्यातली अर्धी तपकिरी झालेली दिसतात. तेव्हा ते झाडाला दोष देतात. दोष झाडाचा नाही, जागेचा आहे.

जागेचा पहिला गुणधर्म म्हणजे इथला उन्हाळा. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५-४६ अंश सेल्सिअसवर अनेक दिवस राहतो आणि काही वर्षी ४७ अंशही ओलांडतो. पाऊस भरपूर पडतो, वर्षाला १,२०० मिलिमीटरच्या वर. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जमीन साठलेल्या ओलाव्यावर चालते. इथले जंगल या वेळापत्रकाला पानगळीने उत्तर देते. साग, ऐन, मोह, तेंदू फेब्रुवारीपासून पाने टाकू लागतात. थंड देशांत झाडे थंडीमुळे निष्पर्ण होतात. इथे कोरडेपणामुळे होतात. म्हणून सदाहरित झाडाची खरी परीक्षा डिसेंबरात न होता एप्रिल-मेमध्ये होते.

करवंद ही परीक्षा फार पाण्याशिवाय देते. पान जाड, चिवट, वरून चकचकीत. मुळे मुरमात आणि दगडांच्या फटींत शिरणारी. एकदा रुजलेले झुडूप तिसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात पाणी न देताही तगते, फक्त वाढ थांबवते. मोरपंखीचे पान खवल्यासारखे, फांदीला चिकटलेले असते. त्यामुळे तिचाही पाण्याचा खर्च तसा मर्यादित राहतो, आणि थंड व कोरड्या हवेत ती उत्तम टिकते. चीनच्या उत्तर भागातला कडक हिवाळा तिला सोसतो. पण ४५ अंशांच्या झळा, तापलेली सिमेंटची भिंत आणि उथळ माती एकत्र आली की शेंडे करपतात. त्याच कोरड्या उष्णतेत लाल कोळी ही बारीक कीड वाढते आणि हिरवा रंग मळकट पिवळा होत जातो.

भाऊ : पण जगते ना! शाळांच्या आवारात, जुन्या विश्रामगृहांसमोर पाहा, मोठमोठ्या मोरपंख्या उभ्या आहेत. पोरं तिची डहाळी विद्या म्हणून वहीत ठेवतात. पाणी दिलं की झाड जगतं.

मॅडम : पाणी दिलं की! मे महिन्यात नळ एक दिवसाआड आला तर तुम्ही आधी काय भराल, टाकी की आळं? शाळेत शिपाई पाणी घालतो, विश्रामगृहात माळी असतो. गावातल्या घरी घरच्या माणसालाच बादली उचलावी लागते. फाटकाजवळची दोन झाडं तो जगवील. कुंपणाची तीस झाडं कशी जगवणार?

भाऊ : दोन झाडांचं मी मान्य करतो. तीसचं बोलणं वेगळं.

मातीचाही इथे मोठा वाटा आहे. वरोरा-भद्रावतीकडच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात बोटभर रुंद भेगा पडतात. मोरपंखीला दोन्ही नको असते : तुंबलेल्या पाण्यात मुळे कुजतात, भेगांत ती तुटतात. काळ्या जमिनीत लावायचीच असेल, तर उंचवटा करून, मुरूम मिसळून लावावी लागते. करवंदालाही दलदल चालत नाही, धानाच्या बांधीला लागून ते पिवळे पडते. पण मुरमाड, खडकाळ, इतर झाडांना निरुपयोगी अशी जागा त्याला पुरते. गडचिरोलीतल्या लाल-पिवळ्या हलक्या जमिनीत ते विशेष चांगले येते.

भाऊ : तुम्ही सगळे मोरपंखीला परकी म्हणता. पण सिरोंचा तालुक्यात वडधमला दगड झालेले झाडांचे ओंडके आहेत, ते कुठल्या झाडांचे? सूचिपर्णींचेच ना? म्हणजे मुळात हा मुलूख त्यांचाच.

मॅडम : मुद्दा चांगला काढलात. त्या काळी इथे करवंद नव्हतंच. सपुष्प झाडं जगात अजून पसरली नव्हती. पण तेव्हाचं हवामानही आजचं नव्हतं, भाऊ.

वडधमचा पुरावा थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. सिरोंचा तालुक्यातला हा भाग भूविज्ञानात कोटा रचना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खडकांचा आहे. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात पसरलेले हे थर ज्युरासिक काळातले, सुमारे १७ ते १८ कोटी वर्षांपूर्वीचे. याच खडकांत बारापासोरस या अवाढव्य शाकाहारी डायनोसॉरची हाडे मिळाली. त्याचे शास्त्रीय वर्णन १९७५ साली प्रसिद्ध झाले, जातीच्या नावात रवींद्रनाथ टागोरांचे स्मरण ठेवले गेले आणि सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभारला गेला. वडधमच्या जीवाश्म उद्यानात अश्मीभूत खोडांचे तुकडे उघड्यावर दिसतात. हातात घेतले तर दगडाचे वजन लागते, आणि डोळ्यांना मात्र लाकडाचे उभे तंतू दिसतात. त्या काळातली मोठी झाडे म्हणजे सूचिपर्णी आणि त्यांचे अनावृतबीजी नातेवाईक.

त्यानंतर भारताचा भूखंड दक्षिण गोलार्धातून उत्तरेकडे सरकला, हवामान पुन्हा पुन्हा बदलले आणि पसरत गेलेल्या सपुष्प झाडांनी मैदाने व्यापली. आज महाराष्ट्राच्या जंगलांत एकही सूचिपर्णी झाड निसर्गतः वाढत नाही. दक्षिण भारताच्या द्वीपकल्पात स्वाभाविक वाढणारी सूचिपर्णी जात एकच उरली आहे, तीही निलगिरी-अनैमलईपासून दक्षिणेकडच्या दमट डोंगरांत. कोकण किनाऱ्यावरचा सुरू सूचिपर्णी भासतो, पण तो सपुष्प वर्गातला आहे. भाऊंचा दावा इतिहास म्हणून खरा आहे आणि तो ऐकून कुतूहल वाढावे असाच आहे; पण आजच्या मे महिन्यात रोप जगवायला त्याचा उपयोग होत नाही.

रोपवाटिकेत क्रिसमस ट्री म्हणून विकले जाणारे थरथरांच्या फांद्यांचे झाडही याच वडधमच्या ओंडक्यांच्या कुळाशी नाते सांगते. ते अरॉकेरिया. विकताना नॉरफोक बेटावरचे म्हणून विकले जाते, पण भारतातली पुष्कळशी झाडे न्यू कॅलेडोनियातल्या कुक पाइनची असतात. या जातीचे खोड वाढताना विषुववृत्ताच्या दिशेने कलते, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरची झाडे मोजून दाखवले गेले. चंद्रपूरच्या वाऱ्यात आणि लहान आवारात ते लावण्यासारखे नाही. वीस मीटरच्या पुढे जाणारे हे झाड भिंतीपासून हातभर अंतरावर लावलेले दिसते, तेव्हा पुढचा त्रास ठरलेला असतो.

मॅडम : आता फळाचं बोलू. मोरपंखीला येतात ते निळसर हिरवे, टोकांना आकडे असलेले लहान शंकू. सुंदर दिसतात, पण ताटात काही पडत नाही. करवंदाचं तसं नाही.

करवंदाची फुले उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात : पांढरी, पाच पाकळ्यांची, नळीसारख्या देठावर उघडणारी चांदणी, आणि संध्याकाळी जाणवणारा जाईच्या जवळचा वास. रानातले बारीक करवंद मे-जूनमध्ये काळे होते. लागवडीच्या मोठ्या फळांच्या जाती पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, तोडणीला येतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ आणि पंतनगरच्या विद्यापीठाच्या ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’, ‘पंत सुवर्णा’ या अशा निवडक जाती.

कच्चे फळ देठापासून तोडले की पांढरा चीक येतो आणि बोटांना चिकटतो. म्हणून लोणच्यासाठी फळे चिरून मिठाच्या पाण्यात ठेवतात आणि मग बिया काढतात. कच्च्या फळात आम्लता आणि पेक्टिन दोन्ही भरपूर. त्यामुळे जेली करताना पूर्ण पिकलेल्या फळांत काही लालसर, अर्धकच्ची फळे मिसळली तर वरून पेक्टिन घालावे लागत नाही. रस गडद गुलाबी उतरतो. बेकरीतल्या केकवर बसणारी लालभडक ‘चेरी’ ही पुष्कळदा साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेले करवंदच असते. म्हणजे शहरातल्या ज्या मुलांनी करवंदाची जाळी पाहिलेली नाही, त्यांनीही करवंद खाल्लेले असते.

भाऊ : फळाचं कौतुक मला मान्य. पण कुंपण म्हणून करवंद लावणारे दर दोन महिन्यांनी कात्री चालवतात. मग त्यांना फळ लागतं का, सांगा.

मॅडम : नाही लागत. इथे तुम्ही बरोबर आहात.

भाऊंची ही हरकत करवंद लावणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावी अशी आहे. करवंदाची फुले कोवळ्या फांद्यांच्या टोकाला झुपक्याने येतात. चौकोनी, भिंतीसारखे कापलेले कुंपण वर्षभर टोके गमावत राहते. ते दाट होते, पण फळत नाही. फळ हवे असेल तर छाटणी वर्षातून एकदा, तोडणी संपल्यावर करावी, आणि बाकीचे वर्ष फांद्यांना थोडे बेशिस्त वाढू द्यावे. ज्यांना दोन्ही हवे, त्यांनी रस्त्याकडची बाजू कापावी आणि घराकडची मोकळी ठेवावी. जुने झुडूप जमिनीपासून हातभर ठेवून छाटले तरी करवंद पुन्हा फुटते. मोरपंखीत हे होत नाही. तिच्या आतल्या तपकिरी, निष्पर्ण भागापर्यंत कात्री गेली, की तिथे पुन्हा हिरवे येत नाही आणि भगदाड कायम राहते. गाय एकदा घुसली, ट्रॅक्टरचा धक्का एकदा लागला, तरी परिणाम तोच. कुंपणासारख्या रोज मार खाणाऱ्या जागी हा फरक निर्णायक ठरतो.

भाऊ : बरं, जनावराचं म्हणालात, तर मी खरी अडचण सांगतो. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरीकडे रानाला लागून घरं आहेत. सांदवाडीत फळ पिकलं की वानरं येतात, आणि अस्वलंही. दाट काटेरी जाळी असली की तिच्याआड बिबट बसलेला कळतही नाही. अशा ठिकाणी मी गिऱ्हाइकाला करवंद देत नाही, दोन मोरपंख्या देतो. आरपार दिसतं, खायला काही नसतं.

मॅडम : ही गोष्ट मी नाकारत नाही. जंगलालगतच्या घरी करवंदाची जाळी दाराजवळ, न्हाणीजवळ किंवा गोठ्याजवळ असूच नये.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांत आणि चंद्रपूर शहराला लागून असलेल्या दुर्गापूर-ऊर्जानगर परिसरातही वाघ-बिबट्यांचा वावर आहे, आणि वस्तीलगतची दाट झुडपे काढून टाकणे हा तिथल्या उपायांचा भाग राहिला आहे. अशा घरी करवंद लावायचेच तर एकेक सुटे झुडूप, खालच्या फांद्या गुडघ्यापर्यंत काढलेले, घरापासून दूर आणि उजेड पोचेल अशा जागी असावे. पिकलेली फळे रोज तोडावीत, पडलेली वेचावीत. त्याउलट, आगीच्या बाबतीत मोरपंखी धोक्याची. तिच्या आत वाळलेली पाने अडकून राहतात आणि पाल्यात राळयुक्त तेल असते. वणव्याच्या दिवसांत, मार्च ते मे या काळात, गवताच्या गंजीजवळ किंवा कुडाच्या भिंतीजवळ ती नसावी.

शहरात प्रश्न वेगळा येतो, तो धुळीचा. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि सिमेंटचे कारखाने यांच्यामुळे २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या क्रमांकाचे प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले होते. मोरपंखीची खवलेदार पालवी धूळ चांगली धरते. रस्त्याच्या कडेला हा गुण आहे, झाडासाठी मात्र तो भार आहे. पालवी दीर्घकाळ टिकते, आठ महिने पाऊस नाही, त्यामुळे थर साचत जातो. आठवड्यातून एकदा पाण्याचा फवारा मारला तर झाड तरतरीत राहते आणि लाल कोळीही आटोक्यात राहतो. करवंदाचे गुळगुळीत पान त्या मानाने लवकर स्वच्छ होते. पक्ष्यांच्या बाबतीत दोन्ही झाडे उपयोगी आहेत : मोरपंखीच्या दाट पालवीत मुनिया आणि बुलबुल घरटी करतात, करवंदाला फळाच्या दिवसांत बुलबुलांची वर्दळ असते.

मॅडम : तुमची रोपं येतात कुठून?

भाऊ : मोरपंखी बहुतेक आंध्रातल्या कडियमहून. राजमहेंद्रीजवळ सगळा रोपवाटिकांचाच पट्टा आहे. करवंद आम्ही इथेच बियांपासून करतो.

मॅडम : म्हणजे गोदावरीकाठच्या दमट हवेतलं रोप ट्रकनं येतं आणि फेब्रुवारीत इथल्या उन्हात लागतं.

भाऊ : फेब्रुवारीत घेऊ नका म्हणतो मी. घेतात तरी.

या एका सवयीने मोरपंखीची सर्वाधिक हानी होते. आणलेले रोप काही आठवडे सावलीच्या जाळीखाली ठेवून मगच जमिनीत लावावे, आणि तेही पावसाळ्यात. जागा घराच्या पूर्वेला निवडावी : सकाळचे ऊन मिळते आणि दुपारनंतर घराची सावली पडते. पश्चिमेची भिंत टाळावी. पहिले दोन-तीन उन्हाळे आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन आणि नियमित पाणी द्यावे. एवढे करता येत असेल तर दारासमोर एक किंवा दोन मोरपंख्या लावाव्यात. नसेल तर लावू नये. करवंदासाठी मे महिन्यात दीड फूट खोल चर खणून उन्हात तापू द्यावा, शेणखत व माती भरून ठेवावी आणि जूनअखेर दमदार पाऊस झाल्यावर रोपे लावावीत. कुंपणासाठी पाऊण मीटरचे अंतर पुरते; वीस मीटर लांबीला २७-२८ रोपे लागतात. फळासाठी लावलेल्या झुडपांना दोन-तीन मीटर जागा द्यावी. पहिला बहर साधारण तिसऱ्या वर्षी दिसतो. तोवर गुरांपासून राखण करावी लागते, कारण कोवळ्या रोपाचा काटा अजून मऊ असतो.

जंगलापासून दूर असलेल्या घराच्या कुंपणाला करवंद हा या दोन जिल्ह्यांत निःसंशय अधिक योग्य पर्याय आहे. मोरपंखीची जागा फाटकाजवळ, पूर्वेकडे, पाण्याच्या हाताशी. रानालगतच्या घरी करवंद मोजके आणि दूर. रोपासाठी कोणी रानातली जाळी उपटू नये. राखीव जंगलातून झाडे काढून नेण्यास भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार मनाई आहे, आणि उपटलेले जुने झुडूप बहुधा जगतही नाही. बाजारात आलेली पिकली करवंदे घ्यावीत, बिया धुऊन सावलीत सुकवाव्यात आणि उगवणशक्ती जाण्याआधी, म्हणजे त्याच आठवड्यात, पिशव्यांत पेराव्यात. पुढच्या पावसाळ्यात कुंपणाला पुरतील एवढी रोपे घरीच तयार होतात.